सिक्युरिटीच्या केबिनमधली फायरप्लेस

हिंजवडीत मला पहिली नोकरी लागली ती फायरप्लेसवर. म्हणजे थंड देशातल्या माणसानं आपल्या घरासाठी गॅसची फायरप्लेस कशी निवडावी आणि कशी बसवून घ्यावी, याचं पुस्तक लिहिण्याची. तोवर मी फायरप्लेस पाहिलेली नव्हती. तो देश पाहिलेला नव्हता. बर्फ पाहिला होता, पण तो उसाच्या रसातला. या गोष्टी मुलाखतीत निघाल्याच नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "अवघड गोष्ट सोपी करून सांगता येते का?" मी तीन वर्षं एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होते. मी म्हटलं, येते. अकरावी 'ड'नं माझ्या बाजूनं साक्ष दिली नसती, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

शतक नुकतंच उलटलं होतं. हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि ज्याला चार वाक्यं इंग्रजी लिहिता येतं त्याला धरून आत बसवत होत्या. माझ्या हुद्द्याचं नाव होतं टेक्निकल रायटर. आई शेजाऱ्यांना सांगायची, "कॉम्प्युटरमध्ये आहे." बाबा काहीच सांगायचे नाहीत. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचे, "शेगड्यांचं लिहिते."

बाबांना शेगड्यांचं कळत होतं. पिंपरीच्या एका कारखान्यात ते सत्तावीस वर्षं बॉयलरवर होते. विश्रांतवाडीच्या आमच्या घरात बैठकीच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या चौकटीत, बाबांचं फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट. मग कारखान्याला नव्या आर्थिक धोरणाचं वारं लागलं आणि त्यांनी बाबांना स्वेच्छानिवृत्ती दिली. यात स्वेच्छा कारखान्याची होती आणि निवृत्ती बाबांची. तेव्हापासून दोन वर्षं ते घरात होते आणि त्यांच्या हाताशी आग म्हणून फक्त आईचा गॅस उरला होता. आई फोडणी घालत असली की ते मागे येऊन उभे राहायचे. "ज्योत पिवळी दिसतेय. जेट साफ करायला झाला." आई म्हणायची, "तुम्ही बाहेर जा. ज्योत आपोआप निळी होईल."

अशा घरातून निघून, दीड तास कंपनीच्या बसमध्ये बसून, मी फायरप्लेसवर लिहायला जायचे. पुण्यात थंड हवामानाचा प्रदेश त्या काळी एकच होता, आमचा तिसरा मजला. एसी कुणाच्या तरी लहरीप्रमाणे सोडलेला असायचा आणि तो कमी करण्याचा अधिकार नक्की कुणाला आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही. भर एप्रिलमध्ये मी शाल पांघरून बसायचे. त्यामुळे थंडीत कुडकुडणाऱ्या ग्राहकाच्या मनात शिरणं मला जड गेलं नाही.

आमचे मॅनेजर अमेरिकेत अकरा महिने राहून आले होते. परत येऊन त्यांना चार वर्षं झाली होती, पण दर दोन वाक्यांनी ते अजून तिकडे जाऊन यायचे. मी पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारलं, "सर, आपण फायरप्लेस पाहिली असेल ना? ती असते कशी?"

"अगं, खूप कोझी असते."

"तुमच्या घरात होती?"

"हॉटेलच्या लॉबीत होती. बंद होती. कॅलिफोर्नियात कुठे थंडी असते?"

एवढ्या भक्कम पायावर आम्ही पुस्तक उभारलं. फायरप्लेस बनवणाऱ्या कॅनडातल्या कंपनीनं त्यांची जुनी पुस्तकं पाठवली होती. आम्ही ती नव्यानं, सोप्या इंग्रजीत लिहायची आणि चित्रं नव्यानं काढायची. पहिलं प्रकरण निवडीचं. घरात जुनं धुराडं असेल तर कुठली घ्यावी, नसेल तर कुठली, खोली केवढी असेल तर केवढी. हे प्रकरण मी फार मन लावून लिहिलं. बाहेर बर्फ भुरभुरतोय, आत आजोबा नातवंडांना गोष्ट सांगताहेत, कुत्रं पायाशी झोपलंय. मॅनेजरांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते सगळ्या टीमला मेल केलं. दुसरं प्रकरण बसवण्याचं. त्यात कुत्रं नव्हतं, त्यामुळे ते मी जरा घाईनं उरकलं.

त्या दुसऱ्या प्रकरणात एक चित्र होतं. जुन्या धुराड्यात बसवायच्या फायरप्लेसच्या डोक्यावर दोन भोकं असतात, अगदी सारख्या मापाची. दोन्हींना एकेक पाइप जोडून ते धुराड्यातून वर छपराबाहेर न्यायचे. एका पाइपानं बाहेरची हवा आत येते, दुसऱ्यानं जळलेला वायू बाहेर जातो. पुढे काच पक्की बंद असते, खोलीतल्या हवेशी आगीचा संबंधच येत नाही. चित्रं काढणाऱ्या मुलीनं मला विचारलं, "मॅम, या दोनपैकी एअर कुठला आणि एक्झॉस्ट कुठला? जुन्या चित्रात नीट दिसत नाहीये." जुनं पान फॅक्सवरून आलेलं होतं, तिथे काळा डागच होता. मी डागाकडे पाहिलं. जेवायची सुट्टी झाली होती. मी म्हटलं, "डावा एक्झॉस्ट." का डावा? चित्रात डावीकडे जागा जास्त होती आणि एक्झॉस्ट हा शब्द मोठा आहे. मग चित्राखाली 'तपासले' म्हणून मीच माझी आद्याक्षरं टाकली आणि जेवायला गेले.

मे महिन्यात कॅनडाहून एक प्रचंड खोकं आलं. त्यात खरी फायरप्लेस होती. सोबत निरोप होता की त्यांचे एक ज्येष्ठ इंजिनियर आणि दोन अधिकारी पुण्याला येताहेत, आणि आमचं पुस्तक ग्राहकांच्या हातात जाण्याआधी त्यांची एक इच्छा आहे: तुम्ही तुमचंच पुस्तक वाचून, बाहेरच्या कुणाचीही मदत न घेता, ही वस्तू बसवून दाखवा.

ऑफिसात आनंदीआनंद झाला. मॅनेजरांनी मीटिंग घेतली. फायरप्लेस तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या कॉन्फरन्स रूममध्ये बसवायची, प्रोजेक्टरच्या खाली. पाहुणे आत आले की ती धडधडत असली पाहिजे. बाहेर ऊन चाळीस अंशांचं होतं. यावर ॲडमिनच्या साहेबांनी एसी सोळावर ठेवायचं कबूल केलं. ॲडमिनचे साहेब निवृत्त फौजी होते, त्यांना कुठल्याही कामाला नाही म्हणायची सवय नव्हती.

"पण सर, पाइप कुठून काढायचे?" मी विचारलं. तिसऱ्या मजल्याच्या भिंती काचेच्या, खिडकी एकही उघडणारी नाही.

"पाइप की क्या जरूरत?" साहेब म्हणाले. "आधा घंटा तो जलाना है."

मॅनेजरांनी मान डोलावली. माझ्याच पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की पाइपांशिवाय ही वस्तू कधीही पेटवू नये. पण ते ग्राहकांसाठी होतं.

एसीवाला मेकॅनिक खोकं बघून गेला तो आलाच नाही. कँटीनचा गॅसवाला म्हणाला, "ताई, ही आमची लाइन नाही." पाहुणे पाच दिवसांवर आले. मीटिंगमध्ये मॅनेजर माझ्याकडे वळले. "तुझे फादर बॉयलरमध्ये होते ना? ते बाहेरचे नाहीत. फॅमिलीच आहेत."

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. म्हणाले, "शेगडी बसवायला चाळीस लोकांची कंपनी कमी पडली?" पण दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, दोन वर्षं माळ्यावर पडलेली हत्यारांची पिशवी घेऊन ते दारात उभे होते. आईनं त्यांच्याकडे बघितलं आणि डबा दोन माणसांचा भरला.

गेटवर त्यांच्या गळ्यात 'व्हिजिटर' लिहिलेली पट्टी अडकवली गेली. पिशवीतले पाने आणि पक्कड एकेक काढून वहीत लिहिले गेले. सिक्युरिटीवर लोणी काळभोरचे एक पन्नाशीचे मामा होते. त्यांनी पिशवीत डोकावून विचारलं, "पावणं, मिस्तरी हाय का तुमी?"

"बॉयलर अटेंडंट," बाबा म्हणाले. "फर्स्ट क्लास."

"मंग हितं काय काम? हितं समदे टायपिंग करत्यात."

बाबा त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

कॉन्फरन्स रूममध्ये ते खुर्चीवर बसले नाहीत. त्यांनी खोलीच्या चारही काचा हातानं दाबून पाहिल्या, दाराखालची फट पाहिली, वर एसीच्या जाळीकडे पाहिलं. मग विचारलं, "हवा कुठनं येते?"

"एसीमधून," मॅनेजर म्हणाले.

"एसीत कुठनं येते?"

मॅनेजरांनी ॲडमिनच्या साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "सर्क्युलेट होती है."

"म्हणजे तीच तीच," बाबा म्हणाले. "आणि पाइप लावायचे नाहीत म्हणता."

"अहो, फक्त अर्धा तास," मॅनेजर म्हणाले. "डेमो आहे तो. नंतर लगेच बंद करू."

"पाहुणे किती?"

"तीन. आणि आपले पंधरा."

"अठरा माणसं, बंद काचा, आणि मध्ये आग. साहेब, तुम्हाला पाहुणे जागे हवेत की झोपलेले?"

मॅनेजर हसले. त्यांना वाटलं विनोद आहे. बाबांनी पिशवी उचलली.

"मी लावणार नाही. तुम्ही कुणाकडूनही लावून घ्या, पण त्या दिवशी माझी मुलगी रजेवर असेल."

माझ्या रजेचा अर्ज असा परस्पर मंजूर झाला. मला तेव्हा बाबांचा राग आला होता, हे सांगितलं पाहिजे. दोन वर्षं घरात ज्योत पिवळी का निळी करत बसलेला माणूस माझ्या साहेबांसमोर, माझ्या काचेच्या ऑफिसात, मला खाली बघायला लावत होता. मी त्यांना बाजूला नेऊन म्हटलं, "बाबा, जरा समजून घ्या ना. त्यांचा क्लायंट आहे."

"तूच लिहिलंयस ना, पाइपाशिवाय पेटवू नये म्हणून?"

"हो."

"मग मी तुझंच ऐकतोय," बाबा म्हणाले.

ॲडमिनचे साहेब फौजी असल्यामुळे ज्याला नियम माहीत आहे त्याच्यापुढे नमतं घ्यायची त्यांची तयारी होती. त्यांनी विचारलं, "तो फिर कहाँ लगाएँगे?" बाबांनी सगळी इमारत पायी पालथी घातली. पॅन्ट्री, सर्व्हर रूम, पार्किंग. सगळीकडे काच, नाही तर प्लायवूड, नाही तर माणसं आत सोडत नाहीत अशी जागा. अख्ख्या आवारात विटांची भिंत आणि वर पत्रा असलेली, म्हणजे घर म्हणता येईल अशी जागा एकच निघाली. गेटवरची सिक्युरिटीची केबिन.

अशा रीतीनं सातासमुद्रापलीकडून आलेली फायरप्लेस, मे महिन्यात, हिंजवडीच्या गेटवर, पाण्याचा माठ आणि हजेरीची वही यांच्या मध्ये बसवायचं ठरलं. मॅनेजरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण पाहुणे चार दिवसांवर होते आणि दुसरा बॉयलर अटेंडंट कुणाच्या फॅमिलीत नव्हता.

बाबांनी कामाला सुरुवात केली ती माझं पुस्तक वाचून. त्यांचं इंग्रजी बॉयलरच्या पुस्तकांवर पोसलेलं, सावकाश पण पक्कं. निवडीचं प्रकरण त्यांनी उभ्या उभ्या चाळलं. "हे कुत्रं कशाला?" एवढाच अभिप्राय देऊन ते बसवण्याच्या प्रकरणावर आले. मामांच्या खुर्चीवर बसून, बोट ठेवून, ओळ न ओळ. मी लिहिलेलं इतकं सावकाश त्याआधी कुणी वाचलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मग दोघांनी, म्हणजे बाबांनी आणि मामांनी, धुराड्याच्या जागी वरच्या पत्र्याला दोन भोकं पाडली, फायरप्लेस पाटावर टेकवली, मागे आणि बाजूला पुस्तकात सांगितलंय तेवढं अंतर सोडलं. मामा पुस्तकातलं माप इंचात विचारायचे आणि बाबा फूटपट्टी लावायचे. मी पंखा धरून उभी होते. दुपारी तीनच्या सुमाराला पाइप जोडायची वेळ आली. बाबांनी पुस्तक उघडून चित्र पाहिलं. मग वाकून फायरप्लेसच्या आत डोकं घातलं, बॅटरी मारली. बाहेर आले, पुन्हा चित्र पाहिलं, पुन्हा आत गेले. असं तीनदा झालं.

"इकडे ये," ते म्हणाले. मी वाकले. आत उकडत होतं. बॅटरीच्या उजेडात दिसलं की उजवं भोक सरळ आगीच्या डोक्यावर उघडतंय आणि डाव्या भोकापासून एक पत्र्याची नळी मागून खाली, बर्नरच्याही खाली गेलीय.

"धूर कुठं जातो?"

"वर."

"मग तो खाली उतरून, बर्नरच्या खालनं फिरून, डाव्या नळीनं बाहेर कसा जाईल?"

त्यांनी पुस्तक माझ्यासमोर धरलं.

"चित्रात डावा एक्झॉस्ट लिहिलाय. हे कुणी लिहिलं?"

खाली माझी आद्याक्षरं होती. ती त्यांनीच मला बालवाडीत गिरवायला शिकवली होती. "मी," मी म्हटलं.

"वस्तू बघितली होतीस?"

"चित्र बघितलं होतं."

"आणि चित्र कशावरनं काढलं?"

"डागावरनं."

"हं," बाबा म्हणाले. आमच्या घरात या 'हं'ची मला सगळ्यात जास्त भीती वाटायची. मामा एकदम माठातलं पाणी प्यायला उठले, त्यांना तहान नसावी.

मी विचारलं, "असं उलटं जोडलं तर काय होईल?"

"ज्योत गुदमरेल. नशीब असेल तर लगेच विझेल आणि लोक तुमच्या कंपनीला शिव्या घालतील. नशीब नसेल तर अर्धवट जळत राहील. तो वायू दिसत नाही, वास येत नाही. थंडीत खिडक्या बंद करून माणसं झोपलेली असतात." त्यांनी पक्कड उचलली. "मी बरोबर जोडतो. पुस्तकाचं तू बघ."

पुस्तकाचं मी बघायला गेले तेव्हा मॅनेजर पाहुण्यांसाठी फेट्यांची ऑर्डर देत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"हे बघ, व्हिजिटच्या आधी हे काढायचं नाही. व्हिजिट होऊ दे. मग 'मायनर करेक्शन' म्हणून शांतपणे पाठवू."

"पण सर, फाइल छपाईला गेलीय ना तिकडे?"

"छापून झालं तर पुढच्या आवृत्तीत करू. आणि कुठलाही शहाणा मेकॅनिक बघून बरोबरच जोडेल. तुझ्या फादरनी नाही का जोडलं?"

म्हणजे माझं पुस्तक न वाचणाऱ्या माणसाला त्यापासून काही धोका नव्हता. हे माझ्या कामाचं आजवरचं सर्वांत नेमकं मूल्यमापन.

कंपनीच्या बसमध्ये व्हिजिटरला बसायची परवानगी नव्हती, म्हणून संध्याकाळी आम्ही दोघं वाकडपर्यंत सहा आसनी रिक्षातून आणि पुढे बसनं घरी निघालो. बाबांच्या शर्टाची इस्त्री पार गेली होती. औंध आल्यावर मी त्यांना मॅनेजर काय म्हणाले ते सांगितलं. वाटलं होतं ते चिडतील. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "आमच्याकडे एकदा प्रेशर गेजचा काटा अडकला होता. फोरमन म्हणाला, शिफ्ट संपू दे, मग सांगू."

"मग?"

"मी तेव्हाच सांगितलं. माझा तीन दिवसांचा पगार कापला, शिफ्ट बंद पाडली म्हणून."

"आणि काटा?"

"बदलला."

ते परत खिडकीबाहेर बघायला लागले. उपदेश वगैरे काही नाही. त्यांनी उपदेश केला असता तर मला वाद तरी घालता आला असता.

पाहुणे आले. त्यांना फेटे बांधले, ओवाळलं, तिसऱ्या मजल्यावर नेऊन चाळीस स्लाइड दाखवल्या. मग मॅनेजरांनी बरंच खाकरून खोकरून सांगितलं की प्रत्यक्ष बसवणी आम्ही 'एका छोट्या स्वतंत्र घरात' केली आहे. सगळी वरात गेटवर आली. त्या छोट्या स्वतंत्र घरात मामा नव्या गणवेशात ताठ उभे होते आणि बाबा फायरप्लेसशेजारी, 'व्हिजिटर'ची पट्टी गळ्यात. कँटीनमधून आणलेला सिलिंडर बाहेर जाळीत. बाबांनी सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून दाखवलं, बुडबुडा आला नाही. मग पायलटची बारकी ज्योत पेटवली, अर्धं मिनिट बटण दाबून धरलं, आणि खटका फिरवला. काचेमागे ज्योत हळूच पसरली, खाली निळी, वर पिवळसर, लाकडाच्या खोट्या ओंडक्यांवरून सावकाश हलणारी. बाहेर चाळीस, आत बहुतेक पंचेचाळीस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि घाम पुसला.

पाहुण्यांतले इंजिनियर सत्तरीला टेकलेले, उंच, वाकलेले गृहस्थ होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. फेटा काढून मामांच्या टेबलावर ठेवला, सरळ फरशीवर बसले आणि ज्योतीकडे बघत राहिले. मग मामांची खुर्ची बाहेर नेऊन, तिच्यावर चढून, पत्र्यातून निघालेल्या पाइपांच्या टोकांवर हात धरून पाहिला. परत येऊन म्हणाले की भारतात त्यांनी पाहिलेली ही सर्वांत चांगली बसवणी आहे. भारतात एवढी एकच होती, पण ते मनापासून बोलत होते.

"म्हणजे तुमचं पुस्तक अगदी अचूक आहे," त्यांच्यासोबतचे अधिकारी मॅनेजरांना म्हणाले. मॅनेजर विनयानं हसले.

नोकरी पक्की व्हायला अजून दोन महिने होते. मी बाबांकडे पाहिलं, ते ज्योतीकडे बघत होते. मी इंग्रजीत म्हटलं, आणि आवाज जरा जास्तच मोठा निघाला, "नाही, पुस्तक चुकलंय. सतराव्या पानावर मी पाइपांची नावं उलटी लिहिली आहेत. ही बसवणी पुस्तक वाचून नाही, आत डोकं घालून बरोबर झालीय."

मॅनेजर म्हणाले, "मायनर करेक्शन." इंजिनियरांनी हात पुढे केला, मी पुस्तक दिलं. त्यांनी चष्मा लावला, चित्र पाहिलं, आणि त्यांच्या गोऱ्या चेहऱ्यावरचा होता नव्हता तो रंग गेला. ते मायनर म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "कुणाच्या लक्षात आलं?"

मी बाबांकडे बोट दाखवलं.

"कसं?" त्यांनी बाबांना विचारलं.

बाबा खाकरले आणि इंग्रजीत म्हणाले, "सर, स्मोक गो अप. बुक से, गो डाउन. आय बिलीव्ह स्मोक."

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. मामांनी माठातलं पाणी दिलं. अधिकाऱ्यानं 'बिसलेरी, बिसलेरी' म्हणेपर्यंत त्यानं ते पिऊनही टाकलं. मग तो बाबांच्या शेजारी बसला आणि पुढचा पाऊण तास ते दोघं बोलत होते. एकाचं इंग्रजी तुटक, दुसऱ्याचे उच्चार आम्हाला न कळणारे, पण त्यांचं काही अडत नव्हतं. हातानं ज्योत दाखवायची, बोटानं हवा दाखवायची, एकानं मान हलवायची. बाकी आम्ही सगळे, सुटाबुटात आणि फेट्यांत, गेटबाहेर उन्हात उभे. त्याच दिवशी तिकडची छपाई थांबवली गेली.

पुढच्या आठवड्यात सगळ्या कंपनीला मेल आला. आमच्या 'प्रोसेस'नं एक गंभीर चूक वेळेत पकडल्याबद्दल प्रोसेसचं अभिनंदन. मॅनेजरांना बक्षीस म्हणून काचेचा एक तुकडा मिळाला, त्यावर त्यांचं नाव होतं. प्रोसेसचं बॉयलर अटेंडंट, फर्स्ट क्लास, असं नाव असतं हे त्यांना माहीत नसावं. माझी नोकरी राहिली. चूक कबूल करणाऱ्याला काढलं तर चूक झाली होती असं सिद्ध होतं, म्हणून राहिली असं मला नंतर ॲडमिनच्या साहेबांनी खासगीत सांगितलं. तपासणीच्या फॉर्ममध्ये मात्र एक नवा रकाना आला: 'वस्तू प्रत्यक्ष पाहिली का?' त्यानंतर मी बर्फ ढकलायच्या यंत्रावर लिहिलं, बोटीच्या इंजिनावर लिहिलं, आणि त्या रकान्यात सगळे 'हो' लिहितात. मी 'नाही' लिहिते. दर वेळी माझा फॉर्म परत येतो.

इंजिनियरांचं बाबांना पत्र आलं, स्वतःच्या हस्ताक्षरात. त्यात आभार होतेच, पण बाकी दोन पानं त्यांनी स्वतःच्या घरच्या फायरप्लेसबद्दल लिहिलं होतं. ती गेली सहा वर्षं नीट पेटत नाही, बायको रोज बोलते. बाबांनी शब्दकोश घेऊन चार दिवस बसून उत्तर लिहिलं. मला दाखवलं नाही. म्हणाले, "तू सोपं करशील."

फायरप्लेस परत न्यायची तर कस्टमचे इतके कागद लागणार होते की ती तिथेच राहिली. तिच्यावर मालमत्तेचा नंबर चिकटवला गेला. डिसेंबरात हिंजवडीच्या माळावर गारठा पडला तेव्हा सगळ्या ऑफिसात ऊब असलेली जागा एकच होती. सकाळच्या पहिल्या बसनं उतरलेले मोठे मोठे सॉफ्टवेअर आर्किटेक्ट ओळखपत्र तपासायच्या निमित्तानं केबिनमध्ये रेंगाळायचे. मामा म्हणायचे, "कार्ड दिसतंय. आता पुढं व्हा, मागं लाइन हाय."

ॲडमिनच्या साहेबांनी बाबांना नोकरी देऊ केली. फायर सेफ्टी सुपरवायझर, कंत्राटी. काम काय, तर दर महिन्याला आग विझवायच्या नळकांड्यांवर सही करायची. बाबांनी विचारलं, "नळकांडी तपासायची की सही करायची?" साहेब प्रामाणिक होते, म्हणाले, "साइन." बाबांनी नमस्कार करून पट्टी परत दिली.

पण त्यानंतर ते पूर्वीसारखे घरात बसले नाहीत. वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये त्यांनी संध्याकाळचा एक वर्ग सुरू केला, बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेचा. फळा मागून आणला, खडू घरचे. चाकणच्या, रांजणगावच्या कारखान्यांत हेल्पर म्हणून राबणारे चौघे जण कामावरून सुटून थेट यायचे, त्यातले दोघे बाबांपेक्षा फार लहान नव्हते. आई म्हणाली, बरं झालं, माझी फोडणी सुटली. मी एकदा मागे जाऊन बसले होते. बाबा दीड तास फक्त हवेबद्दल बोलत होते, ती कुठून येते आणि कुठे जाते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, आणि त्यांच्या शिकवण्यात एकही कुत्रं नव्हतं.

वर्षभरानं चौघेही परीक्षेला बसले. तिघे पास झाले आणि तिघेही आज बॉयलरवर आहेत. चौथा नापास झाला. तो आता सॉफ्टवेअरमध्ये आहे, बाणेरला त्याचा मोठा फ्लॅट आहे, आणि दिवाळीला तो बाबांच्या पाया पडायला न चुकता येतो.